तिसऱ्या वर्षी काय घडते?

डॉक्टर घडत असताना त्याची समानुभूती, म्हणजे रुग्णाच्या जागी स्वतःला ठेवून त्याचे दुःख समजून घेण्याची क्षमता, वाढते की आटते? हा प्रश्न अभ्यासकांनी प्रश्नावलीच्या आधारे तपासला आहे. भरून घेतलेल्या कागदांचे संशोधन कसे होते, हे त्यातून नेमके समजते.

अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या जेफरसन मेडिकल कॉलेजात मोहम्मदरेझा होजत आणि सहकाऱ्यांनी वीस विधानांची एक मोजपट्टी तयार केली. प्रत्येक विधानाशी आपण किती सहमत आहोत, हे विद्यार्थ्याने १ ते ७ या आकड्यांत सांगायचे. २००२ आणि २००४ मध्ये दाखल झालेल्या ४५६ विद्यार्थ्यांकडून ती प्रवेशाच्या वेळी आणि पुढे प्रत्येक वर्षाअखेरीस भरून घेण्यात आली. २००९ मध्ये ‘अकॅडमिक मेडिसिन’ या नियतकालिकात निष्कर्ष छापून आला. पहिली दोन वर्षे फारसा फरक नाही; तिसऱ्या वर्षी मात्र गुण लक्षणीय घसरतात. वर्गातला विद्यार्थी वॉर्डात रुग्णासमोर उभा राहतो, तेच हे वर्ष.

इथे एक अडचण होती. पाचही वेळा स्वतःची ओळख देऊन प्रश्नावली भरणारे फक्त १२१ जण होते. बाकीच्यांची उत्तरे वेगळी असतील तर? म्हणून संशोधकांनी दोन्ही गटांचे विश्लेषण स्वतंत्रपणे केले. घसरणीचा कल दोन्हींत सारखाच निघाला. नुसती सरासरी काढणे आणि संशोधन करणे यांतला फरक अशा तपासणीत असतो.

तरीही वाद मिटला नाही. २०१० मध्ये त्याच नियतकालिकात जेरी कॉलिव्हर आणि सहकाऱ्यांनी अशा ११ अभ्यासांची फेरतपासणी केली. त्यांच्या मते सरासरी घट जेमतेम ०.२ गुणांची होती, आणि अनेक ठिकाणी उत्तरे देणारेच कमी होते. शिवाय या मोजपट्ट्या विद्यार्थ्याचे स्वतःविषयीचे मत नोंदवतात. रुग्णाला काय जाणवले, ते त्यांत येत नाही.

हा वाद आपल्यालाही लागू आहे. भारतात २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद यांचे शिक्षण समाविष्ट झाले आहे. त्याचा उपयोग झाला का, हे प्रश्नावलीतून पाहताना प्रश्न आधी पारखून घ्यावे लागतील, नीतिमत्ता समितीची मान्यता घ्यावी लागेल आणि ज्यांनी उत्तर दिले नाही त्यांचाही हिशेब मांडावा लागेल. आणि वॉर्डातल्या खाटेवरच्या माणसालाही विचारावे लागेल.