देशाचें तेलाचें पेव कसें मोजावें

पेरणीच्या दिवसांत डिझेल मिळालें नाहीं म्हणून वाफसा कोणासाठीं थांबत नाहीं. तेव्हां देशांत इंधन पुरेसें आहे कीं नाहीं, हा प्रश्न केवळ मुत्सद्द्यांचा नव्हे. आणि त्याचें उत्तर बाजारगप्पांवर सोंपविण्याचेंही कारण नाहीं. पेट्रोलियम मंत्रालयाचा नियोजन व विश्लेषण कक्ष दरमहा आंकडे प्रसिद्ध करितो : कच्चें तेल देशांत किती निघालें, बाहेरून किती आलें, कारखान्यांनीं किती शुद्ध केलें, डिझेल किती खपलें. हे आंकडे इंटरनेटवर कोणासही विनामूल्य पाहतां येतात.

सन २०२३-२४ मध्यें देशांत सुमारें २.९ कोटी टन कच्चें तेल निघालें व सुमारें २३ कोटी टन बाहेरून आणावें लागलें. गिरणी घरची, धान्य मात्र परगांवचें, असा हा प्रकार आहे. आपले कारखाने डिझेल परदेशीं पाठवितात हें पाहून कित्येक लोक निश्चिंत होतात, तें आम्हांस बरोबर वाटत नाहीं. जातें कितीही उत्तम असलें तरी त्यांत घालावयास दाणा नसेल तर दळण थांबणारच.

म्हणून सांठ्याचा आंकडा अधिक बारकाईनें पाहिला पाहिजे. विशाखापट्टणम्, मंगळूर व पादूर येथें खडकांत भुयारें खोदून सरकारनें कच्च्या तेलाचीं पेवेंच तयार केलीं आहेत. त्यांत अनुक्रमें १३.३, १५ व २५ लाख टन, म्हणजे एकूण ५३.३ लाख टन तेल मावतें. २०१९-२० च्या खपाप्रमाणें हें सुमारें साडेनऊ दिवस पुरेल, असें सरकारनें सांगितलें होतें. पण हें 'मावतें' झालें, 'आहे' नव्हे. पेवाची खोली ऐकून कोणी सावकार कर्ज देत नाहीं, आंत दाणा किती तें विचारतो. शिवाय भाजकही पाहावा. २०२३-२४ ची आयात दिवसास सुमारें ६.३ लाख टन पडते; तिनें भागिलें तर भरलेलीं पेवेंही साडेआठ दिवसच पुरतात. हिशेबाची रीत थोडी निराळी असली तरी खप वाढला कीं दिवस घटतात, हें उघड आहे. १९७३ च्या तेलटंचाईनंतर १९७४ सालीं स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था आपल्या सभासद राष्ट्रांस निव्वळ आयातीच्या ९० दिवसांचा सांठा ठेवावयास सांगते. मात्र त्यांत खाजगी कंपन्यांचा सांठाही धरतात, तेव्हां तुलना करितांना आपल्या तेलकंपन्यांच्या टाक्या विसरूं नयेत.

पेव केव्हां भरावें, हें शेतकऱ्यास सांगावयास नकोच. एप्रिल-मे २०२० मध्यें भाव कोसळले असतां सरकारनें पिंपास सरासरी सुमारें १९ डॉलर देऊन भुयारें भरून घेतलीं.

अशी भर पडते कीं उपसा चालतो, याचा अंदाज घरींही काढतां येतो. देशांतील उत्पादन व आयात यांची बेरीज करावी व त्यांतून कारखान्यांनीं शुद्ध केलेलें तेल वजा करावें. बाकी राहिली तर ती बहुधा सांठ्यांत गेली. उणी आली तर सांठा उपसला. एखादें जहाज चार दिवस मागें-पुढें झालें तरी महिन्याचा आंकडा फिरतो. याकरितां निदान तीन महिन्यांची बेरीज घेऊन ती गेल्या वर्षींच्या त्याच महिन्यांशीं ताडून पाहावी.