पाण्याचा ताळेबंद व गावाचे स्वावलंबन

गावाचे स्वावलंबन म्हणजे बाहेरून काहीच न आणणे, असा अर्थ घेण्याचे कारण नाही. मीठ, लोखंड, औषधे ही आणावीच लागतात. परंतु पाणी, चारा, खत, जळण व बियाणे या पाच बाबतींत जे गाव दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहत नाही, ते अवर्षणाच्या वर्षीही तग धरते. या पाचांत पाणी पहिले. कारण उरलेल्या चारही गोष्टी त्याच्यावरच अवलंबून असतात.

जमीन, पाणी, झाडे, जनावरे व माणूस यांची एकत्र मांडणी करण्याच्या विचारास बिल मॉलिसन व डेव्हिड होल्मग्रेन यांनी ऑस्ट्रेलियात ‘पर्माकल्चर’ हे नाव दिले. त्यांचा ग्रंथ १९७८ साली प्रसिद्ध झाला. त्या नावाशी संबंध नसताना अशीच मांडणी ज्या गावाने स्वतःच्या गरजेतून उभी केली, ते अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार होय. पर्जन्यछायेतील या गावी पाऊस जेमतेम ४०० मि.मी.च्या आसपास पडतो. उघड्या डोंगरावरून तो माती घेऊन वाहून जाई, विहिरी आटत, आणि लोक कामासाठी गाव सोडून जात. १९८९ साली श्री. पोपटराव पवार सरपंच झाले. पुढे आदर्श गाव योजनेखाली गावाने कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नसबंदी, नशाबंदी व श्रमदान ही पंचसूत्री स्वीकारली.

माथ्यापासून पायथ्यापर्यंत

कामाचा क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम डोंगरमाथा, नंतर उतार, मग शेते आणि शेवटी नाला. माथ्यावर सलग समतल चर खणावेत. चर समपातळीत यावा म्हणून पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने पातळी पाहावी. खणलेली माती चराच्या खालच्या बाजूस टाकून तीवर गवताचे बी पेरावे. त्याखाली घळीत दगडी बांध, शेतांना बांधबंदिस्ती आणि अखेरीस नालाबांध घालावा. हा क्रम उलटा केल्यास वरून येणाऱ्या गाळाने नालाबांध थोड्याच वर्षांत भरून जातो व खर्च व्यर्थ होतो.

पाण्याचा हिशेब

अडविलेले पाणी वाटून वापरले नाही, तर अडविण्याचे श्रम फुकट जातात. म्हणून हिवरे बाजार येथे पावसाळा संपल्यावर ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. ही रीत समजण्यास पुढील कल्पित उदाहरण पाहावे.

एक हेक्टरावर १ मि.मी. पाऊस पडला म्हणजे १०,००० लिटर पाणी पडले. ५०० हेक्टरांच्या गावात ४०० मि.मी. पाऊस झाल्यास २०० कोटी लिटर पाणी पडते. त्यातील बरेचसे बाष्परूपाने उडते, काही वाहून जाते, काही मातीत ओल म्हणून राहते. विहिरींतून वापरता येण्याजोगे २० कोटी लिटर उरले असे धरू. १,५०० माणसांना दररोज दरडोई ५५ लिटरप्रमाणे वर्षाला सुमारे ३ कोटी लिटर लागतील. ६०० मोठ्या जनावरांना दररोज प्रत्येकी ४० लिटरप्रमाणे सुमारे ९० लाख लिटर लागतील. म्हणजे पिण्यासाठी एकूण ४ कोटी. पुढील पाऊस लांबला तर हाताशी असावेत म्हणून आणखी ४ कोटी राखून ठेवावेत. पिकांसाठी १२ कोटी लिटर शिल्लक राहिले.

आता निवड करावयाची आहे. उसाला पावसाव्यतिरिक्त हेक्टरी सुमारे १,६०० मि.मी. पाणी दिले, तर १२ कोटी लिटर साडेसात हेक्टरांतच संपतात. तेच पाणी रब्बी ज्वारीस ६० मि.मी.च्या दोन संरक्षक पाळ्या म्हणून दिले, तर १०० हेक्टर भिजतात. शिवाय कडबा मिळतो तो वेगळाच. साडेसात हेक्टर दोन-चार घरांची असतील. १०० हेक्टरांत गावातील बहुतेक घरांचा वाटा येतो. हिवरे बाजारने ऊस व केळी ही पिके आणि सिंचनासाठी विंधनविहीर घेणे वर्ज्य केले, त्यामागील कारण हेच होय. विंधनविहिरीने शेजाऱ्याच्या विहिरीचे पाणी आपल्याकडे येते. गावाच्या एकूण पाण्यात भर पडत नाही.

चारा, खत व जळण

चराईबंदी म्हणजे गवतावर बंदी नव्हे. गवत विळ्याने कापून नेण्यास मुभा असावी. जनावर गोठ्यात बांधल्याने शेण एका जागी मिळते. त्यापासून गोबर गॅसद्वारे जळण आणि उरलेल्या रबडीचे खत, असे दोन्ही लाभ होतात. त्यामुळे झाडावर कुऱ्हाड चालविण्याची गरजही कमी होते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. चराईबंदीचा पहिला भार भूमिहीन शेळीपालकांवर पडतो. त्यांना न विचारता केलेला ठराव टिकत नाही, आणि तो न्याय्यही नसतो. म्हणून डोंगराचे भाग पाडून आळीपाळीने बंद करावेत, गवत कापण्याचा पहिला हक्क भूमिहीनांना द्यावा आणि चर खणण्याच्या रोजगार हमीच्या कामावर त्यांना अग्रक्रमाने घ्यावे.

ग्रामकार्यकर्त्यांनी या वर्षी एवढे करावे: शाळेच्या आवारात पर्जन्यमापक बसवून रोजची नोंद फळ्यावर लिहावी, निवडक विहिरींची पातळी दरमहा मोजावी, आणि रब्बीच्या पेरणीपूर्वी ग्रामसभा बोलावून वरील हिशेब सर्वांसमक्ष मांडावा. आकडे सर्वांच्या डोळ्यांसमोर असले, म्हणजे कोणते पीक किती घ्यावे, याचा निर्णय गाव स्वतः घेऊ शकते.