गश्ती ५३ आणि कलम १९

निझामाच्या हैदराबादेत सभा भरवायची तर आधी सरकारची परवानगी लागे, आणि राजकारणाचा नुसता वास आला तरी ती मिळत नसे. हा बंदोबस्त ज्या परिपत्रकाने केला, ते ‘गश्ती ५३’. सप्टेंबर १९३८मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी आली, तीही पक्ष रीतसर स्थापन होण्याआधीच. ऑक्टोबरात गोविंदराव नानलांनी बंदी मोडून सत्याग्रह केला. त्याच सुमारास औरंगाबादच्या कॉलेजात आणि उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहात विद्यार्थी ‘वंदे मातरम्’ म्हणू लागले, म्हणून त्यांना काढून टाकलं. त्यांतल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतलं. पी. व्ही. नरसिंह राव त्यांच्यातलेच.

हैदराबादच्या शाळांत मूलभूत हक्क शिकवताना सुरुवात इथून करावी, असं माझं मत आहे. आज होतं काय, तर मुलं सहा हक्क आणि त्यांची कलमं घडाघडा म्हणतात, पेपरात चार मार्क मिळवतात आणि विषय तिथेच संपतो. त्याऐवजी फळ्याच्या एका बाजूला गश्ती लिहावी, दुसऱ्या बाजूला कलम १९. ‘नळाला पाणी नाही म्हणून आम्हाला सभा घ्यायची आहे’ असा अर्ज मुलांना दोन्ही राजवटींत करायला लावावा. पोलिसांची परवानगी आजही लागते, हे हुशार मूल लगेच पकडेल. मग फरक काय?

फरक नकारानंतर सुरू होतो. गश्तीच्या काळी सभा ही सरकारची मेहरबानी होती. नाही म्हटलं की नाही. आज कलम १९खाली शांततेने, शस्त्रांशिवाय जमणं हा हक्क आहे, आणि अडवायचं तर कारण सरकारने द्यायचं. तेही मनाला येईल ते चालत नाही. सार्वजनिक सुव्यवस्था किंवा देशाची सार्वभौमता व एकात्मता यांसाठीच, आणि तेही वाजवी निर्बंध घालता येतात. कारण पटलं नाही तर कलम २२६खाली हायकोर्टात जाता येतं, कलम ३२खाली थेट सुप्रीम कोर्टात. गंमत म्हणजे हीच राज्यघटना हैदराबादला लागू होईल, असं फर्मान २३ नोव्हेंबर १९४९ रोजी काढलं ते खुद्द निझामाने, मीर उस्मान अली खान यांनी!

‘हेडमास्तरांनी सभा अडवली तर?’ हा प्रश्न येणारच. तिथे घाई करू नये. कलम १९ मुख्यतः सरकारविरुद्ध आहे, त्यामुळे सरकारी शाळा आणि खासगी शाळा यांचं उत्तर एकच नसतं. पण अस्पृश्यता (कलम १७) आणि वेठबिगार (कलम २३) यांची मनाई खासगी माणसालाही लागू आहे. तेलंगणात जमीनदारांनी राबवून घेतलेली ‘वेट्टी’ ज्या घरांनी सोसली, त्या घरांतल्या मुलांना कलम २३ समजावून सांगावं लागत नाही.

आजचं उदाहरण हवं तर हैदराबादेतला इंदिरा पार्कजवळचा धरणा चौक आहेच. वर्षानुवर्षं मोर्चे, उपोषणं तिथेच व्हायची. २०१७मध्ये राज्य सरकारने तिथली आंदोलनं बंद करून ती शहराबाहेर पाठवायचं ठरवलं. रहिवाशांना त्रास होतो, ही त्यामागची सबब. मे महिन्यात चौकातच झटापट झाली, प्रकरण हायकोर्टात गेलं आणि २०१८मध्ये आंदोलकांना तिथे बसायला मुभा मिळाली. नोव्हेंबर २०२१मध्ये केंद्राच्या धान खरेदीच्या धोरणाविरुद्ध त्याच चौकात धरण्याला बसले ते तेव्हाचे मुख्यमंत्री के. चंद्रशेखर राव. चौक बंद करणारं सरकार त्यांचंच होतं.

वर्गाने मात्र रहिवाशांची बाजूही धरून पाहावी. रोज दाराशी लाउडस्पीकर वाजला तर झोप, अभ्यास, रुग्ण यांचं काय? ‘सुव्यवस्था’ या शब्दात ही कटकट बसते का? अर्ध्या वर्गाने सरकारी वकील व्हावं, अर्ध्याने आंदोलकांचं वकीलपत्र घ्यावं, आणि न्यायाधीश म्हणून शेवटच्या बाकावरच्या कुणाला तरी बसवावं.