नरक्याची मुळं आणि कुळगीची माती

दांडेलीजवळचं कुळगी आपल्यापैकी बऱ्याच जणांना वनखात्याच्या निसर्ग शिबिरामुळे माहीत आहे. हे जंगल काळी व्याघ्र प्रकल्पात येतं. शिबिराला गेलेला माणूस सहसा वर बघतो, धनेश दिसतो का, शेकरू दिसतं का म्हणून. मित्रांनो, आज मी तुम्हाला खाली, पायाखालच्या मातीकडे बघायला सांगणार आहे. मी साहित्याची विद्यार्थिनी, त्यामुळे जमेल तितकं सोपं करून सांगते.

या पट्ट्यात जांभा दगड आणि त्याची तांबडी माती खूप. फ्रान्सिस बुकानन या डॉक्टरने १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात या दगडाला 'लॅटराइट' नाव दिलं. लॅटिनमध्ये 'लेटर' म्हणजे वीट. पावसाळाभर धो-धो पाऊस पडतो, मातीतले क्षार वाहून जातात आणि लोह व ॲल्युमिनियम मागे उरतं. माती आम्लधर्मी होते. फॉस्फरस असला तरी लोह त्याला घट्ट धरून ठेवतं, झाडाच्या हाती लागू देत नाही.

मग एवढं हिरवंगार जंगल जगतं कसं? इथे बुरशी मदतीला येते. मायकोरायझा नावाची बुरशी मुळांत शिरते आणि तिचे धागे मातीत लांबवर पसरतात. मुळांवरच्या केसांपेक्षाही ते बारीक असतात, म्हणून जिथे मूळ पोचत नाही तिथला फॉस्फरस ते आणून देतात. बदल्यात झाड तिला साखर देतं. जमिनीवरच्या बहुतेक वनस्पतींचा असा व्यवहार चालतो. शिवाय पालापाचोळा कुजवून अन्न मोकळं करणारे जिवाणू वेगळेच. या सगळ्यांना सावली, ओल आणि हवा लागते. झाडं तोडून माती उन्हात उघडी पडली की ही वस्ती उठते.

आता नरक्याकडे वळू. उत्तर कन्नडापासून कोल्हापूर-सिंधुदुर्गपर्यंतच्या सह्याद्रीत हे लहानसं झाड सापडतं. वास इतका घाण, की शास्त्रज्ञांनीही पूर्वी त्याला 'फीटिडा', म्हणजे दुर्गंधी, असंच म्हटलं. पण त्यात कॅम्प्टोथेसिन असतं. हे द्रव्य १९६६ मध्ये एका चिनी झाडात सापडलं आणि १९७२ मध्ये आपल्या नरक्यात. त्यापासून तयार केलेली टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही कर्करोगावरची औषधं १९९६ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. माझ्या मावशीच्या केमोच्या कागदावर 'टोपोटेकान' हे नाव होतं. म्हणूनच मी या झाडाच्या मागे लागले.

नरक्याच्या सगळ्या झाडांत हे द्रव्य सारखं नसतं. जागा बदलली की प्रमाण बदलतं. झाड असं द्रव्य स्वतःच्या बचावासाठी बनवतं, त्यामुळे ऊन, पाणी, कीड आणि सोबतचे सूक्ष्मजीव यांचा त्यावर परिणाम होतो. औषधी वनस्पतींना मायकोरायझा दिल्यावर वाढ सुधारल्याचं अनेक प्रयोगांत दिसलं आहे. औषधी द्रव्य मात्र कधी वाढतं, कधी नाही.

२००५ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी नरक्याच्या आत राहणारी एक बुरशी वेगळी काढली, आणि ती स्वतःच कॅम्प्टोथेसिन बनवते असं जाहीर केलं. झाड न तोडता औषध मिळेल अशी आशा वाटली. पण त्या चिनी झाडातल्या तशाच एका बुरशीवर काम करताना दिसलं, की झाडाबाहेर वाढवल्यावर पिढ्यांगणिक तिची ही क्षमता कमी होत जाते.

म्हणजे बुरशी एकटी काढून भागत नाही, आणि झाडही मातीवाचून नीट जगत नाही. तरी नरक्या चोरून तोडला जातो, कधी मुळांसकट. अशी तोड झाली की औषधाबरोबर मुळांभोवतीची ती वस्तीही जाते. पर्याय आहे: बियांपासून रोपं करायची, रोपवाटिकेतच त्यांना मायकोरायझाचं खत द्यायचं, आणि सावलीत, पालापाचोळा न झाडता लावायची. झाड तयार व्हायला वर्षं लागतील. पण उद्या कुणाच्या तरी मावशीला ते औषध लागणारच आहे, तेव्हा सुरुवात आजच करायला हवी.