संशोधनाचा आराखडा आणि वसईचे कागद

माहिती जमविणें आणि संशोधन करणें या दोन गोष्टी एकच होत, अशी समजूत ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांतहि पुष्कळदां आढळते. पण कपाटें भरल्यानें जसें ग्रंथालय होत नाहीं, तसें टिपणांच्या वह्या भरल्यानें संशोधन होत नाहीं. संशोधनाचा आरंभ प्रश्नापासून होतो. आणि प्रश्न नेमका घालतां येणें हीच या विद्येंतील पहिली व कठीण पायरी होय.

वसईचेंच उदाहरण घ्यावें. ‘वसईचा इतिहास आणि ग्रंथालयें’ हा विषय एका जन्मांत पुरा व्हावयाचा नाहीं. त्याऐवजीं, १७३७ ते १७३९ या काळांतील वसईच्या मोहिमेचे कागद शोधणारा वाचक नेमका कोठें अडतो, असें विचारलें तर? चिमाजी अप्पांच्या या मोहिमेचीं साधनें एके ठिकाणीं नाहींत. पुण्याच्या पेशवे दप्तरांतील मराठी कागद मोडींत आहेत; पोर्तुगीज कागद गोवा व लिस्बन येथें आहेत. गो. स. सरदेसाई यांनीं पेशवे दप्तरांतील निवडक कागद १९३० ते १९३४ या काळांत ४५ खंडांत प्रसिद्ध केले. पण कागद छापला गेला म्हणजे तो वाचकाला सांपडतोच असें नाहीं. तेव्हां अडसर लिपीचा, भाषेचा, कीं चांगल्या सूचीच्या अभावाचा, हा खरा प्रश्न.

प्रश्न ठरला कीं मर्यादा आंखाव्या लागतात. शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ १९४३ सालीं प्रसिद्ध झाली. १८०० ते १९३७ एवढीच कालमर्यादा त्यांनीं तींत घेतली. म्हणूनच एवढा प्रचंड उद्योग तडीस गेला. त्यानंतर पूर्वसूरींचें कार्य पाहावें. वसईच्या प्राचीन अवशेषांवर गर्सन द कुन्हा यांचा ग्रंथ १८७६ सालींच निघाला होता. तो न पाहतां नवी यादी करणें म्हणजे झालेलेंच काम पुन्हा करणें होय.

पुढें येते पद्धति. ‘सूची उपयोगी वाटली काय?’ असें वाचकांस विचारल्यास बहुतेक जण भिडेखातर होकारच देतील. त्यापेक्षां सारख्या तयारीच्या वाचकांचे दोन गट करावे, दोघांस तेच दहा प्रश्न द्यावे आणि नवी सूची एकाच गटाच्या हातीं ठेवावी. कोणास किती उत्तरें सांपडलीं व किती वेळ लागला, हें मोजावें. दोन्ही गट सारखेच अडखळले, तर अडसर सूचीचा नव्हे, लिपीचा किंवा भाषेचा असावा, असा संशय बळावेल. मग मोडी शिकविण्याचा वर्ग काढून त्याचीहि अशीच परीक्षा घ्यावी लागेल. कोणत्या निकालानें आपला तर्क खोटा ठरेल, हें आराखड्यांत आधींच लिहून ठेवणें हा प्रामाणिकपणा होय.

शेवटीं मुदत, खर्च व वाचकांचीं नांवें गुप्त राखण्याची हमी. एवढें दोन पानांत मांडतां आलें, म्हणजे पैसा देणाऱ्या संस्थेस आपण कशासाठीं देत आहों हें कळतें. आराखडा हा निव्वळ अर्ज नव्हे. तो वाचकाला दिलेला शब्द आहे.