फिनची पट्टी: स्वतः बनवायची की आणून विकायची?

मालवण, तारकर्ली, देवबागच्या पट्ट्यात राहणाऱ्या किंवा तिकडे काहीतरी सुरू करायचा विचार असलेल्या तुमच्यासाठी आज एकच छोटी वस्तू घेतोय. स्कूबा डायव्हिंगच्या फिनची मागची पट्टी. 'बनवू की विकत आणू' हा प्रश्न आमच्या बीबीएच्या पुस्तकात मोठमोठ्या कारखान्यांची उदाहरणं देऊन होता. मला विचाराल तर तो या टीचभर पट्टीवर जास्त चांगला कळतो.

आधी वस्तू समजून घ्या. फिन दोन तऱ्हेचे असतात. एक बुटासारखा पूर्ण पाय झाकणारा, त्याला पट्टीच नसते. दुसरा टाचेकडे उघडा. पायात निओप्रीनचा बूट घालायचा, पाय फिनमध्ये सरकवायचा आणि मागून पट्टी ओढायची. ही पट्टी बहुतेक वेळा रबराची असते, दोन्ही बाजूंना बकल. ऊन, खारं पाणी आणि रोजची ओढाताण यामुळे रबर कडक होत जातं, बकलाजवळच्या दातांत बारीक चिरा पडतात आणि मग ती नेमकी बोटीवर तुटते. पट्टी हातात घेऊन उलटी वाकवली की चिरा लगेच दिसतात.

आता गिऱ्हाईक कोण, ते बघू. इथे बरेच जण फसतात. सीझनमध्ये सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्कूबासाठी लागलेली गर्दी बघितली की वाटतं, एवढी माणसं म्हणजे एवढे फिन. तसं नाहीये. पहिल्यांदाच पाण्यात उतरणाऱ्या पर्यटकाला गाइड धरून नेतो आणि अनेकदा त्या पर्यटकाच्या पायात फिन नसतोच. फिन असतो गाइडच्या पायात. म्हणजे तुमचं मार्केट पर्यटकांच्या आकड्यावर नाही, गाइड आणि इन्स्ट्रक्टरच्या आकड्यावर मोजायचं. आकडा एकदम खाली येतो ना? पण हे गिऱ्हाईक दिवसातून कितीतरी वेळा पाण्यात उतरतं, त्यामुळे त्याची पट्टी लवकर झिजते आणि तुटली तर त्याचा रोजगार थांबतो. पर्यटक हौसेने घेईल, गाइड गरजेने घेतो. उधारीही तोच मागेल, ते सोडा.

रबरी पट्टी घरी बनवायचा विचार डोक्यातून काढून टाका. त्याला साचा लागतो, रबराचं कंपाउंड लागतं, दाबून तापवायचं मशीन लागतं. कुटिरोद्योगाचं काम नाही ते. स्वतः बनवण्यासारख्या पट्ट्या दोनच: स्प्रिंगची आणि बंजीची.

स्प्रिंगच्या पट्टीला बकल नसतं. टाचेमागे स्टीलची स्प्रिंग, स्प्रिंगच्या आत एक मजबूत दोरी, दोन्ही टोकांना स्टीलच्या कड्या, त्या फिनच्या खुंटीत बसतात. आतली दोरी शोभेची समजू नका. स्प्रिंग मर्यादेबाहेर ताणली जाऊ नये म्हणून ती असते, आणि स्प्रिंग तुटलीच तर फिन पायातून निसटत नाही. हार्डवेअरच्या दुकानातली जस्त चढवलेली स्प्रिंग खाऱ्या पाण्यात गंजतेच. स्टेनलेसमध्येही 304 आणि 316 असा फरक आहे. 316 मध्ये मॉलिब्डेनम असतं, म्हणून मिठाने पडणारे खड्डे ते जास्त चांगले सोसतं. कोणी सांगेल, 'लोहचुंबक लावा, चिकटलं नाही की 316.' ही परीक्षा चालत नाही. चुंबकाने 304 आणि 316 वेगळे ओळखता येत नाहीत, आणि तार ओढून स्प्रिंग केली की चांगलं स्टेनलेसही थोडंफार चिकटतं. विकणाऱ्याकडे मालाचं टेस्ट सर्टिफिकेट मागा. तो टाळाटाळ करायला लागला तर दुसरं दुकान बघा.

आता हिशोब. हे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, तुमच्या गावचे भाव तुम्ही काढा. एका जोडीला दोन स्प्रिंग, प्रत्येकी 90 म्हणजे 180 रुपये. चार कड्या, प्रत्येकी 40 म्हणजे 160. दोरी, नळी वगैरे 70. कच्चा माल झाला 410 रुपये. जोडी 1200 ला विकली तर सुटतात 790. कागदावर बघून कोणीही उठेल आणि सुरू करेल.

थांबा. स्प्रिंग बनवणारा म्हणतो, 200 नगांखाली ऑर्डर घेत नाही. गेले 18,000. कड्यासुद्धा 400 च घ्याव्या लागल्या, 16,000. हत्यारं आणि सुरुवातीचे नमुने, 7,000. पहिल्या सीझनला 30 जोड्या गेल्या समजा. दोरी-नळीचे झाले 2,100. एकूण खिशातून गेले 43,100 आणि आले 36,000. म्हणजे 7,100 रुपये अजून आतबट्ट्यात, आणि यात तुमची मजुरी धरलेलीच नाही. एका जोडीला 40 मिनिटं धरली तरी 30 जोड्यांना 20 तास होतात. मग नफा गेला कुठे? 140 स्प्रिंगा आणि 280 कड्या डब्यात पडून आहेत, 23,800 रुपयांच्या. तोच तुमचा नफा. त्यातून लाईटबिल भरता येत नाही.

बंजीचं गणित वेगळं आहे. बंजी म्हणजे आत रबराचे धागे आणि वरून विणलेलं आवरण असलेली ताणणारी दोरी. ती मीटरवर मिळते, दहा मीटर आणा, चालेल. ती दुहेरी करून फास करायचा, टाचेच्या जागी नळी सरकवायची, गाठ नळीत लपवायची. गाठ मात्र डबल फिशरमनचीच, आणि गाठीपुढे बोटभर शेपूट ठेवा. वापरात आवरण घासतं, आतलं रबर सैल पडतं, त्यामुळे ती स्प्रिंगएवढी टिकत नाही. गिऱ्हाइकाला हे तोंडावर सांगा: 'दादा, दर सीझनला बदला.' खोटं बोलून एकदा विकण्यापेक्षा खरं सांगून दरवर्षी विकलेलं बरं. आणि माप घेताना बूट घालूनच घ्या. अनवाणी पायावर घेतलेलं माप बूट चढला की आवळतं, मग पायाला मुंग्या येतात.

विकत आणायच्या रबरी पट्ट्यांचा एक त्रास आहे. प्रत्येक कंपनीच्या फिनची खुंटी आणि बकल वेगळं. एकाची पट्टी दुसऱ्याला बसेलच असं नाही. ऑनलाइन स्वस्त दिसली म्हणून पन्नास उचलल्या, तर त्यातल्या निम्म्या धूळ खातील. म्हणून आधी सेंटरवाल्यांकडे जा, कोणते फिन किती आहेत ते वहीत लिहा, आणि जे दोन-तीन प्रकार सगळ्यात जास्त दिसतील तेवढ्याच पट्ट्या आणा.

माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी रबरी पट्टी आणून ठेवा, बंजी स्वतः करा, स्प्रिंगची तयार जोडी ऑर्डर आली की मागवा. ऑनलाइन मागवलेली पट्टी पोचेपर्यंत काही दिवस जातात, आणि गाइडला ती उद्या सकाळच्या बोटीआधी हवी असते. तुम्ही देवबागला स्कूटरवरून अर्ध्या तासात नेऊन दिलीत तर शे-दोनशे जास्त द्यायला तो कुरकुर करणार नाही. हा जो जास्तीचा पैसा आहे तो पट्टी बनवल्याचा नाही, जवळ ठेवल्याचा आहे. स्प्रिंगच्या वर्षाला साठ-सत्तर जोड्या नियमित जायला लागल्या, गोव्याच्या ग्रांद बेटाकडचे आणि मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणीकडचे सेंटरवालेही मागायला लागले, की मग 200 स्प्रिंगांची ऑर्डर देण्यात अर्थ आहे.

आणखी एक गोष्ट, जी हिशोबाच्या वहीत येत नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तूची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे, आणि दुसऱ्यांचे भाग आणून जोडणाराही त्यात उत्पादकच धरला जातो. 'मी फक्त जोडलं' हे तिथे चालत नाही. प्रवाहात एक फिन गेला आणि गाइडच्या हातात पोहता न येणारा पर्यटक आहे, हे चित्र डोळ्यांसमोर आणा. विकण्याआधी दोन-तीन गाइडना नमुने फुकट द्या, महिनाभर रोज वापरू द्या, परत घेऊन नळी काढून गाठ आणि आवरण तपासा. प्रत्येक जोडीला नंबर द्या आणि कोणत्या दोरीच्या रिळातून केली ते लिहून ठेवा. एक जोडी खराब निघाली तर त्याच रिळाच्या बाकीच्या कोणाकडे आहेत, ते फोन करून सांगता आलं पाहिजे.

पावसाळ्यात जलक्रीडा बंद असतात, बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि सेंटरवाल्यांना बोलायला वेळ असतो. जून-जुलैत व्हर्नियर आणि वही घेऊन फिरा, खुंट्यांची मापं घ्या. नमुन्यांची परीक्षा ऑक्टोबरात होऊ दे, विक्री दिवाळीच्या सुट्टीच्या गर्दीआधी सुरू करा. मापाचा तक्ता कसा आखायचा ते या आठवड्याच्या व्हिडिओत दाखवलंय.