तद्विद्यसंभाषा आणि महाजालावरील मोफत साधने

चरकसंहितेच्या विमानस्थानात, आठव्या अध्यायात, शास्त्रज्ञान दृढ करण्याचे तीन उपाय सांगितले आहेत : अध्ययन, अध्यापन आणि तद्विद्यसंभाषा. पहिल्या दोहोंची सोय महाविद्यालयात होते. तिसरा उपाय मात्र पदवी हाती पडताच बहुधा सुटतो. वैद्य आपल्या गावी चिकित्सालय थाटतो आणि शंका विचारावी असा सहाध्यायी जवळ उरत नाही. ही उणीव महाजालावरील मोफत साधनांनी कितपत भरून निघते, याचा अनुभव आम्ही आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गात घेतला. वाचक वैद्यबंधुभगिनींना व औषधालयाच्या चालकांना तो उपयोगी पडावा, म्हणून येथे मांडीत आहोत.

वर्गात आंतरवासी विद्यार्थी, नवोदित वैद्य आणि एक औषधविक्रेते मिळून बाराजण असतात. आरंभीचा विषय म्हणून आम्ही ब्राह्मी निवडली. या नावाखाली बाजारात दोन भिन्न वनस्पती मिळतात. एक बॅकोपा मोनिएरी, म्हणजे जलब्राह्मी. दुसरी सेंटेला एशियाटिका, म्हणजे मंडूकपर्णी, जिला आपल्याकडे कारिवणा असेही म्हणतात. भारतीय आयुर्वेदिक औषधिकोशात या दोहोंच्या नोंदी स्वतंत्र आहेत.

पहिले साधन ग्रंथशोधाचे. हैदराबाद येथील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन मेडिकल हेरिटेज या केंद्रीय संस्थेने चरक व सुश्रुत या संहिता, तसेच अनेक निघंटू महाजालावर विनामूल्य उपलब्ध केले आहेत. त्यांत शब्द शोधता येतो. मात्र एक सावधगिरी हवी. संधी झालेला शब्द किंवा पर्यायनाम यंत्राला आपोआप उमगतेच असे नाही. केवळ ‘हरीतकी’ शोधणाऱ्यास ‘अभया’ व ‘पथ्या’ यांचे उल्लेख निसटू शकतात. म्हणून प्रथम पर्यायनामांची यादी करावी, मग शोध घ्यावा आणि मिळालेला श्लोक छापील प्रतीशी ताडून पाहावा. शोधयंत्र संदर्भापर्यंत नेते. अर्थ टीकेवाचून कळत नाही.

दुसरे साधन सामायिक लेखाचे. गूगल डॉक्ससारख्या सुविधेत एकच लेख अनेकांना एकाच वेळी आपापल्या घरून लिहिता येतो. समासात शंका नोंदवता येते आणि मागील आवृत्त्या जपल्या जातात, त्यामुळे कोणी काय बदलले हे पाहता येते. आम्ही एक तक्ता आखला : निघंटूतील वर्णन, रस-वीर्य-विपाक, वनस्पतिशास्त्रीय नाव, ओळखीची लक्षणे. प्रत्येकास एकेक रकाना वाटून दिला. वर्गात सहसा न बोलणारी एक विद्यार्थिनी समासात मात्र सर्वाधिक प्रश्न विचारू लागली, हे आम्हास अनपेक्षित होते.

याच लेखात आमच्या औषधविक्रेत्या स्नेह्यांनी ‘ब्राह्मी’ म्हणून आलेल्या दोन गठ्ठ्यांची छायाचित्रे जोडली. एकातील पाने लांब देठाची, वृक्काकार व दंतुर होती. दुसऱ्यातील लहान, मांसल, बिनदेठाची व समोरासमोर लागलेली. एकाच नावाने दोन द्रव्ये आली होती! तेव्हापासून ते मागणीपत्रात वनस्पतिशास्त्रीय नाव लिहितात. तथापि छायाचित्रावरून चूर्णाची निश्चिती होत नाही, त्यासाठी प्रयोगशाळेतील परीक्षणच हवे, हेही येथे नमूद करणे आवश्यक आहे.

तिसरे साधन चाचणीचे. गूगल फॉर्म्सवर दहा प्रश्न तयार केले की उत्तरे एका तक्त्यात आपोआप जमा होतात. बहुसंख्यांचे कोणते उत्तर चुकले, हे वर्गापूर्वीच कळते आणि वर्गाचा वेळ नेमका तेथे देता येतो. गुण देण्यापेक्षा हा उपयोग आम्हास अधिक मोलाचा वाटतो.

आता आमच्या हातून घडलेली चूक सांगणे कर्तव्य आहे. रुग्णेतिवृत्तांच्या चर्चेसाठी केलेल्या तक्त्यात आम्ही रुग्णांची नावे व दूरध्वनी क्रमांक तसेच राहू दिले होते आणि दुवा ज्याच्या हाती पडेल त्यास तक्ता पाहता येईल अशी परवानगी ठेवली होती. एका विद्यार्थ्याने तो दुवा सहज मित्राला पाठविला आणि वर्गाबाहेरच्या त्या व्यक्तीसमोर सर्व नोंदी उघडल्या. आमच्या विश्वासावर व्याधी सांगणाऱ्या रुग्णांशी ही प्रतारणाच होती. तक्ता आम्ही तत्काळ बंद केला व संबंधित रुग्णांना स्वतः कल्पना दिली. आता नोंदीत केवळ वय, लिंग, प्रकृती व लक्षणे असतात, रुग्णाची संमती आधी घेतली जाते आणि परवानगी नावानिशी निवडक व्यक्तींनाच मिळते. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा 2023 साली संमत झाला आहे. परंतु वैद्याचे हे बंधन कायद्याहून जुने आहे.

साधने मोफत असली तरी त्यांचा वापर विवेकानेच करावयास हवा. वनस्पती हातात घेऊन पाहणे आणि गुरूंच्या शेजारी बसून नाडी पाहणे यांना पर्याय नाही. पण तालुक्याच्या गावी एकट्याने व्यवसाय करणाऱ्या वैद्यास संभाषेचे दार यामुळे पुन्हा उघडते. चार-पाच वैद्य व एक औषधविक्रेता यांनी एकत्र येऊन एखाद्या संदिग्ध द्रव्यापासून आरंभ करावा, अशी आमची विनंती आहे. शंखपुष्पी हा विषय त्यासाठी उत्तम आहे.